काबूलचा खराबात मोहल्ला कसा मोडला

अफगाणिस्तानातल्या संगीतबंदीचा विषय निघाला की बोलणं तालिबानपासून सुरू होतं. मला ही सुरुवात अपुरी वाटते.

१८६० च्या दशकात अमीर शेर अली खान यांनी हिंदुस्थानातून गवई आणि वादक काबूलच्या दरबारी बोलावले. पुढे जुन्या शहरातल्या खराबात मोहल्ल्यात त्यांची घराणी रुजली. रबाब हे तंतुवाद्य तिथलं, तबला आणि राग आपल्याकडचे. उस्ताद घरातल्या मुलांना लहानपणापासून समोर बसवून तालीम देत. तिथले प्रसिद्ध गायक उस्ताद सराहंग तर थेट पतियाळा घराण्यात शिकले होते.

१९७८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली आणि रेडिओवर सरकारचं गुणगान सुरू झालं. तिथे गाणारा आपोआप सरकारचा माणूस ठरू लागला. १९९२ मध्ये कम्युनिस्टांविरुद्ध लढणारे मुजाहिदीन गट काबूलमध्ये शिरले, आपसात लढले आणि त्यांच्या रॉकेटमाऱ्यात खराबातचा ढिगारा झाला. कितीतरी कलावंत पेशावरला गेले आणि लग्नसमारंभांत वाजवून दिवस काढू लागले. सप्टेंबर १९९६ मध्ये तालिबानने काबूल घेतलं, तोवर गुरू-शिष्यांचा तो शेजार मोडलाच होता.

तालिबानने वाद्यं फोडली, कॅसेटमधली फीत उपसून नाक्यावरच्या खांबांना गुंडाळली. वाद्यांविना गायलेले तराने मात्र चालत, त्यांच्याच लढवय्यांची स्तुती करणारे. म्हणजे गाण्याची ताकद त्यांनाही पुरती ठाऊक होती. मला तर त्या राजवटीची सगळ्यात बोलकी गोष्ट हीच वाटते.

२०१० मध्ये अहमद सरमस्त यांनी काबूलमध्ये राष्ट्रीय संगीत संस्था उभी केली. मुली आणि रस्त्यावरची मुलं तिथे शिकू लागली. २०१४ मध्ये एका कार्यक्रमात आत्मघाती स्फोट झाला, त्यात सरमस्त जबर जखमी झाले. तरीही ते परतले आणि संस्थेतल्या मुलींचा ‘जोहरा’ वाद्यवृंद २०१७ मध्ये दावोसला वाजला.

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान पुन्हा आलं. त्याच महिन्यात अंदराब खोऱ्यातले लोकगायक फवाद अंदराबी यांना गोळी घालून मारलं. वर्षअखेरीस संस्थेचे विद्यार्थी, शिक्षक आणि कुटुंबीय मिळून २७३ जण पोर्तुगालला पोहोचले. ज्यांना निघता आलं नाही, त्यांनी वाद्यं लपवली किंवा मिळेल त्या भावात विकली. २०२३ च्या जुलैत हेरातमध्ये जप्त वाद्यांची जाहीर होळी झाली. २०२४ मध्ये युनेस्कोने रबाब घडवण्याची आणि वाजवण्याची कला वारसा म्हणून नोंदवली, तीत इराण, ताजिकिस्तान आणि उझबेकिस्तानसोबत अफगाणिस्तानचंही नाव आहे.