चहा स्वस्त झाला होता, तरी अमेरिकेने ब्रिटनला का सोडलं

अमेरिकेचं स्वातंत्र्य म्हटलं की बहुतेकांना बोस्टनच्या बंदरात फेकलेल्या चहाच्या पेट्या आठवतात, आणि वाटतं की चहा महाग झाला म्हणून लोक चिडले असणार. पण १७७३ च्या कायद्याने चहा उलट स्वस्त झाला होता! मग राग कशाचा, ते बघायला थोडं मागे जावं लागतं.

तेव्हा अमेरिकेत ब्रिटनच्या वसाहती होत्या. त्यातल्या व्हर्जिनियात १६१९ पासून लोकांनी निवडलेली सभा होती, पुढे बाकीच्या वसाहतींतही तशाच सभा झाल्या. टॅक्स किती लावायचा ते या सभा ठरवायच्या, बऱ्याच ठिकाणी गव्हर्नरचा पगारसुद्धा त्यांच्याच हातात. लंडन लांब होतं आणि फार लक्षही घालत नव्हतं, त्यामुळे पिढ्यानपिढ्या लोकांना हीच सवय.

१७६३ ला फ्रान्सबरोबरचं सात वर्षांचं युद्ध संपलं, ब्रिटन जिंकलं पण कर्जात पार बुडालं, आणि लंडनचं म्हणणं असं की तुमच्या संरक्षणासाठीही खर्च झालाय तर तुम्हीही भरा. खरं सांगायचं तर ही मागणी अगदीच चुकीची होती असं मला वाटत नाही. पण १७६५ चा स्टॅम्प अ‍ॅक्ट, म्हणजे वर्तमानपत्रं, कोर्टाचे कागद, अगदी पत्त्यांच्या कॅटवरही टॅक्स, हा ज्या पार्लमेंटने लावला तिथे वसाहतींचा एकही खासदार नव्हता. बहिष्कार झाला, दंगे झाले, १७६६ ला कायदा मागे घेतला, पण त्याच वेळी दुसरा कायदा करून सांगितलं की तुमच्यासाठी कुठलाही कायदा करायचा हक्क आम्हाला आहेच. खरं भांडण इथे आहे, रक्कम किती हा नंतरचा प्रश्न.

चहाच्या प्रकरणात तर आपल्याकडचाच धागा आहे. ईस्ट इंडिया कंपनी डबघाईला आली होती, बंगालमध्ये १७७० चा भयानक दुष्काळ पडून गेलेला, आणि लंडनच्या गोदामांत चहा पडून. कंपनीला वाचवायला तिला अमेरिकेत थेट चहा विकायची सूट दिली, पण दर पौंड वजनामागे तीन पेनीचा जुना टॅक्स ठेवलाच. म्हणजे स्वस्त चहा घेतला की पार्लमेंटचा हक्क मान्य केल्यासारखं, शिवाय स्थानिक व्यापारी आणि चहाचे स्मगलर दोघांचाही धंदा बसणार. कंपनीने बंगालचं काय केलं हे अमेरिकेतल्या पत्रकांतही छापून येत होतं. १६ डिसेंबर १७७३ ला ३४२ पेट्या पाण्यात गेल्या, आणि लंडनने बोस्टनचं बंदरच बंद केलं, बोस्टन ज्या वसाहतीत होतं त्या मॅसॅच्युसेट्सचा कारभार राजाने नेमलेल्या गव्हर्नरच्या हातात दिला. मग बाकीच्या वसाहतींनाही वाटलं, आज ते तर उद्या आपण.

तरी लगेच कुणी स्वातंत्र्य मागितलं नाही. एप्रिल १७७५ ला ब्रिटिश सैन्य आणि वसाहतींतल्या लोकांत गोळ्या चालल्या, त्यानंतर जुलैमध्येसुद्धा वसाहतींनी राजाला समेटाचा अर्ज पाठवला, त्याने त्यांना बंडखोर ठरवलं. मग ४ जुलै १७७६ चा जाहीरनामा, आणि त्यात तक्रारींची जी लांबलचक यादी आहे ती राजाच्या नावाने आहे.

आणि एक बाजू नेहमी गाळली जाते ती जमिनीची. १७६३ लाच राजाने हुकूम काढला होता की अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या पलीकडे वस्ती करायची नाही, तो भाग मूळ रहिवाशांचा. तिकडच्या जमिनींवर डोळा ठेवून बसलेल्यांत खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन होते. व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने नोव्हेंबर १७७५ मध्ये जाहीर केलं की बंडखोर मालकांचे जे गुलाम ब्रिटिशांकडून लढतील ते मुक्त, तेव्हा तोवर काठावर असलेले तिथले कितीतरी जमीनदारही बंडाच्या बाजूला गेले.