ताप किती, यापेक्षा मूल कसं आहे

थर्मामीटरवर १०३ दिसलं की आईबाबांचा धीर सुटतो. ‘ताप डोक्यात जाईल’ ही भीती तर घराघरांत असते. पण जंतुसंसर्गातला ताप शरीराने स्वतःच चढवलेला असतो. संसर्गाची चाहूल लागताच मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपाशी प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन वाढतं आणि शरीराने राखायचं तापमान वर सरकतं. तिथवर पोचण्यासाठी हातपाय गार पडतात, हुडहुडी भरते. ही सगळी चढण मेंदूच्या ताब्यात असते, म्हणून असा ताप १०६ अंश फॅरनहाइटच्या पुढे सहसा जात नाही आणि केवळ त्याने मेंदूला इजाही होत नाही. उन्हात किंवा बंद गाडीत अडकून तापलेल्या मुलाची गोष्ट मात्र निराळी. तिथे हा ताबाच सुटलेला असतो, त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यायला हवं.

आकड्यालाच सर्वांत जास्त महत्त्व द्यायचं, असं एक वय आहे. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ फॅ. (३८ सेल्सिअस) किंवा जास्त असेल, तर ते हसत असलं, दूध पीत असलं तरी त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टरांकडे जा. रात्र असली तरी. इतक्या लहान बाळात रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात संसर्ग पसरला तरी वरून फारसं काही दिसत नाही. कधी तर ताप येण्याऐवजी अंग गारच पडतं, तेही तितकंच गंभीर. घरच्या घरी औषध देऊन वाट पाहू नका.

त्याहून मोठ्या मुलात मात्र आधी मुलाकडे पाहा. १०३ ताप असूनही औषधानंतर खेळायला लागलेल्या मुलापेक्षा १०१ तापात मलूल पडलेलं, हाक मारली तरी नीट डोळे न उघडणारं मूल मला जास्त काळजीचं वाटतं. सदरा वर करून श्वास बघा. बरगड्यांखाली खड्डा पडतोय का, मूल कण्हतंय का? शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा: दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले तर तो वेग धोक्याचा. आठ तासांत लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, मान ताठ, बाळाची टाळू फुगलेली, यांतलं काहीही दिसलं तर थांबू नका. अंगावर लाल-जांभळे ठिपके असतील तर काचेचा पेला दाबून बघा. दाबूनही फिके पडले नाहीत तर थेट रुग्णालय गाठा. आणि बाकी सगळं ठीक वाटलं तरी पाच दिवस उलटूनही ताप हटत नसेल, तर तपासणी हवीच.

पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिन कमी करतं, जंतूंना मारत नाही. त्यामुळे औषधाने ताप उतरला म्हणून आजार साधा, असा अर्थ काढू नये. मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते: एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन वेळांत किमान चार तास, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊ नका. त्याने यकृत आणि मेंदूला सूज आणणारा राय सिंड्रोम होऊ शकतो.

सहा महिने ते पाच वर्षांच्या काही मुलांना तापात आकडी येते. बघवत नाही, पण बहुतेकदा ती पाच मिनिटांच्या आत थांबते आणि मागे इजा ठेवत नाही. मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका बोलवा. थांबली तरी पहिल्याच वेळी डॉक्टरांना दाखवा.




दवाखान्यात निघताना एका कागदावर लिहून घ्या: ताप कधीपासून, शेवटचं औषध किती वाजता, शेवटची लघवी कधी. घाईत नेमकं हेच आठवत नाही आणि डॉक्टर आधी हेच विचारतात.