शंभर जोर मारले तरी बीम का निघत नाही?

"रोज शंभर जोर मार, बीम आपोआप निघतील." खानापूर-निपाणीकडं हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. बीम म्हणजे दांडीला लटकून हनुवटी दांडीच्या वर नेणं, पुल-अप. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, त्यामुळं भरतीचं वेड घरोघरी, आणि सैन्यभरतीत 10 बीमला 40 गुण. पोरं जोर काढून छाती फुगवतात. दांडीला लटकली की हनुवटी काही वर जात नाही.

जोर म्हणजे ढकलणं. त्यात छाती, खांदा आणि दंडाची मागची बाजू राबते. बीम म्हणजे ओढणं: काखेखालून पाठीवर पसरलेले रुंद स्नायू, दंडाची पुढची बाजू, बोटांची पकड. शिवाय पाय जमिनीवर नसल्यानं जवळजवळ सगळं वजन हातांवर. जुन्या तालमीत दोर आणि मल्लखांब असायचा, ओढायची सवय तिथं लागायची. दोर गेला, जोर तेवढे राहिले.

घरी काय करायचं? स्टुलावर चढून हनुवटी दांडीच्या वर आणा, पाय सोडा आणि मनात पाच मोजत खाली या. स्नायू उचलतो त्यापेक्षा जास्त वजन उतरताना पेलतो, म्हणून एकही बीम न निघणाऱ्याला हे जमतं. चार-पाच वेळा, एक दिवसाआड. धपकन खाली आलात तर ती खेप मोजायची नाही. जोडीला कमरेएवढ्या उंचीवरच्या पक्क्या दांडीखाली उताणं होऊन, टाचा टेकवून छाती वर ओढा.

दांडी चौकटीत बसवणार असाल तर आधी लाकडाला वाळवी नाही ना, ते ठोकून बघा.