करार पाळणारा देव : एका श्रद्धेची पार्श्वभूमी

‘देव आपला करार मोडत नाही’ हे वाक्य मराठी ख्रिस्ती माणसाने बाप्तिस्म्याला ऐकलेले असते, लग्नात ऐकलेले असते आणि कबरस्तानातही. ऐकताना ते निवांत, समाधानाचे वाटते. त्याचा इतिहास मात्र निवांत नाही. देवाने शब्द फिरवला की काय, असा प्रश्न आधी उभा राहिला आणि त्याला उत्तर शोधता शोधता ही श्रद्धा घडत गेली. बायबलने ती तक्रार खोडलेली नाही, स्तुतीच्या शेजारीच ठेवली आहे. तक्रार वगळून नुसते आश्वासन वाचले, तर या श्रद्धेचे निम्मे वजन निघून जाते.

सुरुवात राजकारणापासून करावी लागते. तुर्कस्तानातल्या बोगाझकोय इथे हित्ती साम्राज्याची राजधानी हत्तुशा होती. तिथल्या उत्खननात मातीच्या हजारो पाट्या निघाल्या. त्यांत इ.स.पू. चौदाव्या-तेराव्या शतकांत मांडलिक राजांशी केलेले तह आहेत. त्यांचा साचा ठरलेला : सम्राट आधी आपले नाव आणि बिरुदे सांगतो, मग मांडलिकावर केलेले उपकार मोजतो, मग अटी घालतो, देवांना साक्षीला बोलावतो, आणि शेवटी पाळलास तर आशीर्वाद, मोडलास तर शाप. तहाची प्रत देवळात ठेवायची आणि ठरावीक काळाने वाचून दाखवायची. सिनाय पर्वतावर मोशेमार्फत देवाने इस्राएलाशी केलेला करार याच वळणाने जातो, हे अमेरिकन अभ्यासक जॉर्ज मेंडेनहॉल यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले. दहा आज्ञा ‘खून करू नको’पासून सुरू होत नाहीत. मिसर देशातून, दास्यातून तुला बाहेर आणणारा तुझा देव तो मी, इथून त्या सुरू होतात. आधी उपकार, मग अटी, आणि आज्ञांच्या पाट्या कराराच्या कोशात, म्हणजे पवित्र पेटीत.

अनुवाद या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात शापांची लांबलचक यादी आहे. डोक्यावरचे आकाश पितळेचे होईल, पायाखालची जमीन लोखंडाची होईल, हा त्यातलाच एक शाप. अश्शूरचा राजा एसरहद्दोन याने इ.स.पू. ६७२ मध्ये आपल्या वारसासाठी मांडलिकांकडून जी शपथ घेतली, तिच्यातही जवळजवळ हेच शाप आहेत. मग सिनायच्या कराराची ही मांडणी हित्ती काळातली की अश्शूरच्या काळातली, यावर पंडितांचे अजून एकमत नाही. तो वाद इथे मिटवायची गरज नाही. इस्राएलने आपल्या देवाशी असलेले नाते सांगायला सम्राटांची भाषा उचलली, एवढे त्यातून नक्की दिसते.

शपथ नुसती तोंडी नसे. सीरियात अलेप्पोजवळ सफीरे इथे इ.स.पू. आठव्या शतकातले अरामी शिलालेख मिळाले आहेत. त्यांत तहाने बांधलेल्या राजाला बजावले आहे की, हे वासरू जसे कापले जाते तसा मतीएल, म्हणजे तो राजाही, कापला जावो. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या चौतिसाव्या अध्यायातला विधी याच जातीचा. यरुशलेमच्या सरदारांनी वासरू दुभागले, त्याच्या तुकड्यांमधून चालत गेले आणि गुलामांना सोडण्याचे वचन दिले. पुढे गुलाम पुन्हा धरून आणले.

हे ध्यानात ठेवून उत्पत्तीचा पंधरावा अध्याय वाचावा. अब्राहाम, तेव्हाचा अब्राम, वयाने उतरलेला आहे, पोटी मूल नाही, आणि देव पुन्हा मोठे प्रतिफळ कबूल करतो आहे. अब्राम सरळच विचारतो की मी निःसंतान चाललो, मला तू देणार तरी काय? त्यावर देव त्याला तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका, एक होला आणि पारव्याचे पिल्लू आणायला सांगतो. जनावरे मधोमध चिरून समोरासमोर मांडली जातात. मांसावर पक्षी झडप घालतात आणि अब्राम त्यांना हाकलत राहतो. सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागते. काळोख पडल्यावर धुमसती भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांमधून निघून जाते. अब्राम चालतच नाही. दरबारी रिवाजाप्रमाणे शपथेचे ओझे मांडलिकावर असायचे. इथे ते थोरल्या पक्षाने एकट्याने उचलले आहे. करार मोडला तर माझी अशी गत होवो, असे देव स्वतःविषयी म्हणतो आहे, असा अर्थ अनेक ख्रिस्ती वाचकांनी यातून घेतला आणि त्याचा धागा वधस्तंभाशी जोडला.

अब्राहामाला आणि पुढे दावीदाला दिलेली वचने एकीकडे आणि सिनायचा अटींचा करार दुसरीकडे, अशी विभागणी अभ्यासक करतात. मोशे वाइनफेल्ड यांनी १९७० मध्ये पहिल्या प्रकाराची तुलना राजाने निष्ठावान सेवकाला दिलेल्या इनामाशी केली. इनामाची सनद म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. पण विभागणी फार ताणू नये. सुंता न झालेला पुरुष अब्राहामाच्या करारातूनही बाहेर पडतो, आणि सिनायचा करार तर मोशे पर्वतावरून खाली यायच्या आतच मोडला गेला. लोकांनी सोन्याचे वासरू करून पुजले, त्या प्रसंगात मोशेने केलेला युक्तिवाद एखाद्या कसलेल्या वकिलाला शोभेल असा आहे. लोक चांगले आहेत, असे तो म्हणत नाही. मिसरी काय म्हणतील, असे विचारतो आणि अब्राहाम, इसहाक, इस्राएल यांना तू स्वतःची शपथ घालून वचन दिलेस, याची देवाला आठवण करून देतो. देवाला त्याच्याच शब्दात धरायचे, ही पद्धत इथून रुजली.

ही केवळ ग्रंथातली भाषा नव्हती. १९७९ मध्ये यरुशलेमच्या जुन्या शहराबाहेर, हिन्नोम खोऱ्याच्या कडेला, केतेफ हिन्नोम इथल्या थडग्यांत पुरातत्त्वज्ञ गाब्रिएल बारकाई यांना चांदीच्या पातळ पत्र्याच्या दोन गुंडाळ्या मिळाल्या. तावीज म्हणून वापरायच्या या वस्तू, साधारण इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरच्या किंवा सहाव्याच्या सुरुवातीच्या. मोठी गुंडाळी उलगडली तरी जेमतेम दहा सेंटिमीटर लांब भरते. ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझे रक्षण करो’ हा याजकांचा आशीर्वाद त्यांवर कोरला आहे, म्हणून त्या गाजल्या. माझे लक्ष मात्र मोठ्या गुंडाळीच्या वरच्या ओळींकडे जाते. तिथे, त्याच्यावर प्रीती करणाऱ्यांशी करार आणि दया पाळणारा, असे देवाचे वर्णन आहे. बाबेलचे, म्हणजे बॅबिलोनचे, संकट यहूदाच्या राज्यावर घोंघावत होते, जवळपास त्याच काळात कुणीतरी हे शब्द अंगावर बाळगत होते.

आणि इ.स.पू. ५८७ किंवा ५८६ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेम पाडले. मंदिर जळाले आणि दावीदाचा राजवंश सिंहासनावरून गेला. नाथान संदेष्ट्याच्या तोंडून देवाने दावीदाला सांगितले होते की तुझे घराणे कायम राहील. आता काय म्हणायचे?

एकोणनव्वदावे स्तोत्र या जागी फार मोलाचे आहे. अनेक अभ्यासक ते याच पडझडीशी जोडतात. पहिली सदतीस वचने देवाच्या विश्वासूपणाचे पोवाडे गातात. मी माझा करार मोडणार नाही, दावीदाशी खोटे बोलणार नाही, त्याचा वंश चंद्रासारखा टिकेल, हे खुद्द देवाच्या तोंडी घातले आहे. आणि अडतिसाव्या वचनाला गाणे उलटते : पण तू टाकून दिलेस, आपल्या सेवकाशी केलेला करार तुच्छ मानलास, त्याचा मुकुट धुळीला मिळवलास. स्तोत्र शेवटपर्यंत तक्रारच करते. शेवटी येणारे ‘परमेश्वर धन्यवादित असो’ हे स्तोत्रसंहितेच्या तिसऱ्या भागाचे समाप्तीचे वचन आहे, या स्तोत्रातल्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. उपासनेत या स्तोत्राचा पूर्वार्ध वाचून थांबणे सोयीचे असते, पण ते स्तोत्रकर्त्याच्या बाबतीत प्रामाणिक नाही.

उत्तर आले ते तुकड्यातुकड्यांनी. बाबेलच्या राजवाड्यातल्या शिध्याच्या हिशेबाच्या पाट्या १९३९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याच्या पाच मुलांना दिलेल्या तेलाची नोंद आहे. राजाच्या नशिबी कैद्याचा शिधा होता, पण वंश संपला नव्हता. राजांचे दुसरे पुस्तक संपते तेही या यहोयाखीनाला तुरुंगातून काढून बाबेलच्या राजाने पंक्तीला बसवले, या बातमीने. कसलेही भाष्य नाही.

यिर्मयाचे उत्तर अधिक धाडसी. शहराला वेढा पडलेला, तो स्वतः पहाऱ्याच्या चौकात अटकेत, आणि चुलतभाऊ हनमेल त्याला अनाथोथ गावचे शेत विकायला येतो. शत्रूच्या ताब्यात गेलेली जमीन कोण घेणार? यिर्मया घेतो. सतरा शेकेल रुपे ताजव्यात तोलून देतो, साक्षीदारांसमोर खरेदीखत करतो, आणि मोहोरबंद व उघडी अशा दोन्ही प्रती आपला लेखक बारूख याच्याकरवी मातीच्या भांड्यात ठेवायला लावतो, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. याच्या आदल्याच अध्यायात ते प्रसिद्ध वचन आहे : इस्राएलाच्या घराण्याशी मी नवा करार करीन, तो पूर्वजांशी केलेल्या करारासारखा नसेल, नियमशास्त्र त्यांच्या हृदयपटलावर लिहीन. नवा करार म्हणजे जुन्याला फारकत, असे पुढे पुष्कळांनी मानले. यिर्मयाने मात्र तो ज्यांनी करार मोडला त्याच लोकांशी होईल असे सांगितले आहे.

येशूच्या शेवटच्या भोजनाची सर्वांत जुनी लेखी नोंद प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात, साधारण इ.स. ५५च्या सुमाराची आहे. हा प्याला माझ्या रक्तात झालेला नवा करार आहे, असे येशू तिथे म्हणतो. पण दोनेक वर्षांत, रोमकरांस पत्र लिहिताना, पौलासमोर जुनाच प्रश्न नव्या रूपात आला. इस्राएलातल्या बहुतेकांनी येशूला मसीहा मानले नाही. मग देवाचे वचन फसले काय? नवव्या ते अकराव्या अध्यायापर्यंत पौल त्याच्याशी झगडतो आणि देवाला आपल्या दानांचा व पाचारणाचा पस्तावा होत नाही, इथे येऊन पोचतो. गैरयहूदी विश्वासणाऱ्यांना तो दमही देतो की तुम्ही कलम केलेल्या फांद्या आहात, मुळाला तुम्ही धरून ठेवलेले नाही.

ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे चर्चने, हा दम फारसा मनावर घेतला नाही. इ.स. १४४च्या सुमारास रोममध्ये मार्सियोन या ख्रिस्ती शिक्षकाने बायबलातला ‘जुना करार’ हा ग्रंथभागच टाकून द्यायला सांगितले. ते मंडळीने नाकारले. पण यहूद्यांची जागा आता आपण घेतली, हा समज शतकानुशतके चालला. त्यातली अडचण साधी आहे : देव पहिल्यांना सोडू शकतो, तर दुसऱ्यांना कशाची हमी?

सोळाव्या शतकात झुरिचमध्ये वेगळ्याच कारणाने हा विषय वर आला. १५२५ मध्ये काहींनी लहानपणीचा बाप्तिस्मा न मानता प्रौढांचा पुन्हा बाप्तिस्मा सुरू केला. त्यांना उत्तर देताना तिथल्या सुधारकांनी अब्राहामाची सुंता पुढे केली : करार एकच, त्यात मुलेही येतात. हाइनरिख बुलिंगरने १५३४ मध्ये देवाच्या त्या एकमेव करारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढच्या शतकातल्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराने कृपेचा करार एक, तो राबवण्याच्या रीती दोन, अशी त्याची घडी बसवली. लोकांनीही देवाशी करार करायला सुरुवात केली. स्कॉटलंडमध्ये १६३८ मध्ये तो राजाच्या हस्तक्षेपाविरुद्ध झाला. दक्षिण आफ्रिकेत १६ डिसेंबर १८३८च्या लढाईआधी बोअरांनी (तिथल्या डच वंशाच्या वसाहतवाल्यांनी) घेतलेल्या शपथेची आठवण वर्णभेदाच्या काळात निवडलेल्या लोकांच्या अभिमानाला खतपाणी घालत राहिली.

मराठी मुलखात या प्रश्नाला एक खास बाजू आहे. मिशनरी मुंबईत आले तेव्हा कोकणात बेने इस्राएल हे यहूदी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. तेलाचे घाणे चालवणारे, शब्बाथ पाळून शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली, आणि आठव्या दिवशी मुलाची सुंता करून अब्राहामाचा करार पाळणारे. मुंबईत त्यांचे सभास्थान १७९६ पासून होते. अमेरिकन मिशनने आणि १८२९ मध्ये आलेल्या स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी शाळा काढल्या, हिब्रू शिकवली, मराठीतून शास्त्र हाती दिले. ख्रिस्ती फार थोडे झाले. शिकलेल्या हिब्रूचा उपयोग त्यांनी आपलाच धर्म घट्ट करायला केला.

यहूद्यांची जागा आपण घेतली, या समजाचा फेरविचार व्हायला युरोपात मात्र साठ लाख यहूद्यांचा संहार व्हावा लागला. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायाचा आधार घेऊन यहूदी देवाने टाकलेले किंवा शापिलेले नाहीत असे जाहीर केले. १७ नोव्हेंबर १९८० रोजी जर्मनीतल्या माइन्झ इथे पोप जॉन पॉल दुसरे यांनी जुना करार देवाने कधीच रद्द केलेला नाही, असे यहूदी प्रतिनिधींसमोर म्हटले. डिसेंबर २०१५ मध्ये व्हॅटिकनच्या यहूद्यांशी धार्मिक संबंध पाहणाऱ्या आयोगाने आणखी पुढचे पाऊल टाकले : यहूदी देवाच्या तारणात सहभागी आहेत, ख्रिस्ताचा उघड अंगीकार न करता ते कसे, हे देवाचे अथांग रहस्य आहे, आणि यहूद्यांचे धर्मांतर घडवण्यासाठी कॅथलिक चर्च स्वतंत्र संस्थात्मक मिशन चालवत नाही. अनेक इव्हँजेलिकल (सुवार्तेच्या प्रसारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) मंडळ्यांना हे मान्य नाही, आणि तेही आपल्या बाजूने रोमकरांस पत्रच उघडतात.