रिस्टोअर म्हणजे उलटा बॅकअप नव्हे

२०२५ मध्ये अमेरिकेत युटा विद्यापीठात अडगळ आवरताना एक जुनी मॅग्नेटिक टेप सापडली, वर लिहिलेलं युनिक्स व्ही४, म्हणजे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टमची १९७३ सालची चौथी आवृत्ती, जिचं कर्नल (सिस्टमचा गाभा) सी भाषेत नव्याने लिहिलं होतं ती. डिसेंबरमध्ये माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये ती वाचली आणि बातमी फिरली, तशी ग्रुपवर चर्चा सुरू, "५० वर्षांनी टेप वाचता आली म्हणजे सगळं आलंच की!" एक तर तिथे टेप वाचणाऱ्या हेडवरून येणारा ॲनालॉग सिग्नल मेमरीत भरून घेतला आणि त्यातले शून्य-एक नंतर सॉफ्टवेअरने शोधले, म्हणजे वाचणं हेच मोठं काम होतं. आणि दुसरं, बाइट हाती आले म्हणजे फाइल सिस्टम, म्हणजे नावं आणि फोल्डरांसकट फाइलींची मांडणी, आली असं होत नाही. बॅकअपवरून ती परत उभी करणं म्हणजे रिस्टोअर. मला बोलायचंय ते याच्यावर.

युनिक्समध्ये फाइलचं नाव फाइलजवळ नसतं. फाइलची मूळ नोंद म्हणजे आयनोड, त्यात मालक कोण, परवानग्या काय, साइझ किती, कधी बदलली आणि डेटा कुठल्या ब्लॉकमध्ये पडलाय एवढंच असतं, आणि त्या आयनोडला एक नंबर. नाव असतं डिरेक्टरीत, म्हणजे फोल्डरमध्ये. सोसायटीच्या जिन्याखाली बोर्ड असतो ना, कुलकर्णी ३०२, शेख ३०३, तसं समजा, फक्त इथे फ्लॅटच्या दारावर पाटीच नाही, आणि एकाच नंबरापुढे दोन नावं पण चालतात, त्याला हार्ड लिंक म्हणतात.

टेप बॅकअपचा जुना युनिक्स प्रोग्राम म्हणजे डंप. हा टार या दुसऱ्या बॅकअप प्रोग्रामसारखा नावं धरून फिरत नाही, तो थेट डिस्कवरचे आयनोड वाचतो. टेपवर आधी दोन नकाशे लिहितो, डिस्कवर कुठले नंबर वापरात आहेत आणि त्यातले कुठले या टेपवर आहेत, मग सगळ्या डिरेक्टऱ्या, आणि शेवटी फाइली नंबराच्या क्रमाने. डिरेक्टऱ्या आधी आल्यामुळे रिस्टोअर (डंपचा जोडीदार, टेपवरून फाइली परत आणणारा प्रोग्राम) इंटरॅक्टिव्ह चालवलं की डिरेक्टऱ्यांचं अख्खं झाड समोर दिसतं, त्यात सीडी (डिरेक्टरीत जा), एलएस (यादी दाखव) या कमांड देत फिरायचं, हवी ती फाइल ॲड केली की तिच्या नावापुढे छोटा तारा येतो, मग एक्स्ट्रॅक्ट. तोवर फाइलींचा डेटा टेपवरून वाचलेलाच नसतो!

आता डंपची लेव्हल, म्हणजे एका वेळी किती बॅकअप घ्यायचा ते. शून्य म्हणजे सगळं, आणि पुढची कुठलीही लेव्हल म्हणजे तिच्यापेक्षा खालच्या लेव्हलचा शेवटचा डंप झाल्यापासून जे बदललं तेवढंच. समजा रविवारी ०, सोमवारी ३, मंगळवारी २, बुधवारी ५, गुरुवारी ४ (हा क्रम डंपच्या मॅन्युअलमधलाच, हनोईच्या मनोऱ्यांच्या कोड्यावरून घेतलेला) आणि शुक्रवारी डिस्क मेली. किती टेप लागतील? तीनच, ०, २ आणि ४. मंगळवारच्या २ मध्ये सोमवारचं सगळं येऊन गेलं आणि गुरुवारच्या ४ मध्ये बुधवारचं.

पण या तीन टेप एकावर एक ओतल्या की झालं असं नाही. रविवारी असलेली फाइल बुधवारी डिलीट केली असेल तर ती परत यायला नको, नाव बदललं असेल तर जुन्या नावाने दुसरी कॉपी उरायला नको, आणि डिलीट झालेल्या फाइलचा नंबर मधल्या काळात नव्याच फाइलला मिळालेला असू शकतो. त्यात अजून गोची म्हणजे नव्या डिस्कवर फाइली बनवताना नंबर देतं कर्नल, रिस्टोअरच्या हातात ते नाही, म्हणजे टेपवरचा ४५१२ डिस्कवर ७८ झालेला असतो. म्हणून रिस्टोअर टेपवरचा नंबर आणि डिस्कवरचं नाव यांची जोडी लावून एक तक्ता बनवतं आणि रूट डिरेक्टरीत (सगळ्यात वरच्या) रिस्टोअरसिमटेबल नावाच्या फाइलीत ठेवतं. पुढची टेप लावली की तिच्यावरचे नकाशे या तक्त्याशी ताडायचे, वापरात नसलेले नंबर काढून टाकायचे, नावं बदलायची, आणि मग डेटा. दोन टेपांच्या मध्ये कोणी ही फाइल "कचरा दिसतोय" म्हणून उडवली की पुढच्या टेपचा मागच्याशी संबंधच तुटतो. शेवटची टेप झाली की मग खुशाल उडवा.

टेप म्हणजे जुनाट, आता सगळं क्लाउडवर, असं म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण, फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या बगमुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के लोकांचे मेल गायब झाले, वेगवेगळ्या डेटा सेंटरमधल्या कॉप्यांनाही फटका बसला, आणि गूगलने ते टेपवरून परत आणले, कारण टेप ऑफलाइन होत्या. आणि दसऱ्याला सर्व्हर रूममध्ये पूजा करता, करा, झेंडू घाला, पण टेप ड्राइव्हला हळदकुंकू नको हो, ती बारीक पूड हेडवर बसते आणि टेप तिच्यावर घासत जाते. त्यापेक्षा बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये टेप ड्राइव्हचं नाव एसटी-झीरो लिहिलंय की एनएसटी-झीरो ते बघा, एन नसेल तर डिव्हाइस बंद होताच टेप रिवाइंड होते आणि दुसरा डंप पहिल्याच्या डोक्यावर लिहिला जातो, एरर काही येत नाही.

पूर्ण रिस्टोअर झालं, लॉगिन चालू झाले, की लगेच नवा लेव्हल शून्य काढायचा. फाइलींच्या आत एक बाइट बदललेला नसला तरी. नंबर सगळे नवे झालेत ना, जुन्या शून्यावर नवी लेव्हल ५ चढवली तर टेपवरचा ७८ जुन्या तक्त्यातल्या भलत्याच फाइलीशी जुळेल.