क्लच घसरणे : जुन्या मोटारसायकलींतील निदान

क्लच घसरणे म्हणजे लिव्हर सोडलेला असतानाही क्लचच्या प्लेटा एकमेकींना घट्ट न धरता एकमेकींवरून सरकणे. इंजिन फिरते, पण त्याचा सगळा जोर मागच्या चाकापर्यंत जात नाही. उरलेला प्लेटांमध्येच उष्णता होऊन जातो. लिव्हर दाबूनही क्लच न सुटणे हा याच्या उलट दोष. दोन्ही एकाच गाडीत एकत्र नांदू शकतात, कारण वाकलेली प्लेट धड धरतही नाही आणि धड सोडतही नाही.

चढावर टॉप गिअरमध्ये मूठ पिळली की इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी आहे त्याच वेगाने चालत राहते. अनेक जुन्या गाड्यांना इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा नसतो, त्यामुळे हे कानानेच ओळखावे लागते. मूठ जराशी सैल केली की आवाज खाली येऊन पुन्हा वेगाशी जुळतो, ही खरी खूण. कार्बोरेटर किंवा इग्निशन बिघडले असेल तर इंजिनाचा आवाज चढतच नाही, ते गुदमरते. झिजलेली चेन स्प्रॉकेटचे दात सोडते तेव्हा हिसके बसतात. घसरणारा क्लच मात्र लोण्यासारखा सरकतो.

टॉप गिअरच का, याला कारण आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिन झपाट्याने वर निघून जाते, क्लचवर पूर्ण ताण राहतो तो क्षणभर. टॉपमध्ये गाडीचा भार इंजिनाला दाबून धरतो आणि ताण टिकतो. शिवाय इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) कमाल असतो तो मधल्या फेऱ्यांत. म्हणून परीक्षा भरधाव वेगात घ्यायची नाही: मोकळा रस्ता, मध्यम वेग, टॉप गिअर आणि एकदम पूर्ण उघडलेली मूठ. ब्रेक दाबून, गिअर टाकून, क्लच सोडून इंजिन बंद पडते का हे पाहण्याची पद्धतही चालते, पण तीत फक्त पार गेलेला क्लच सापडतो, आणि बरा असलेला थोडा जळतो. ती न वापरलेली बरी.

जुन्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा असतो आणि किकचा जोर गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टवरून क्लचमार्गे इंजिनाला मिळतो. अशा गाडीत जागच्या जागी उत्तम चाचणी होते. किक मारल्यावर पाय खाली जातो पण इंजिन कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा अडथळा) ओलांडत नाही, तर क्लचवर संशय घ्यावा. मात्र किकचे रॅचेट (एकाच दिशेने पकडणारे दाते) झिजले असले तरी पाय असाच खाली जातो, आणि इथेच पुष्कळांची फसगत होते. चेनकेसचे (इंजिन आणि क्लच जोडणाऱ्या चेनच्या डब्याचे) झाकण काढून गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसलेल्या मधल्या हबवर आणि इंजिनाला जोडलेल्या बाहेरच्या बास्केटवर खडूची एक आडवी रेघ ओढावी आणि किक हाताने सावकाश दाबावी. हब फिरला, बास्केट जागेवर राहिले आणि रेघ तुटली, तर क्लच घसरतो. हब आणि त्याच्या आतला शाफ्ट दोन्ही फिरले नाहीत, तर दोष किकच्या यंत्रणेत. रेघ अखंड राहून शाफ्ट मात्र हबच्या आत फिरला, तर निमुळत्या शाफ्टवर बसवलेल्या हबची चावी (दोघांना जखडणारी पाचर) कातरली गेली असेल; मग प्लेटा बदलून काही उपयोग नाही. ज्या गाड्यांत किक थेट बास्केटच्या दात्यांना जोडलेली असते, तिथे किकवरून क्लचबद्दल काहीच कळत नाही.

दोष नक्की झाला की प्लेटा मागवण्याची घाई होते. आधी केबल पाहावी. ब्रेक झिजतो तसा लिव्हर सैल होत जातो; या क्लचमध्ये नेमके उलटे घडते. प्लेटा झिजून पातळ झाल्या की त्यांचा थर आत बसतो, प्रेशर प्लेट (प्लेटांचा थर दाबून धरणारी वरची प्लेट) आत सरकते, ती पुशरॉडला (क्लच उघडणाऱ्या दांडीला) मागे ढकलते आणि केबलमधली मोकळीक संपते. मोकळीक संपली की केबलच क्लचला कायम किंचित उघडा ठेवते. म्हणजे लिव्हर आपोआप घट्ट वाटू लागला, तर ती घसरण्याची पूर्वसूचना समजावी. लिव्हरशी साधारण 2 ते 3 मिलिमीटर मोकळीक हवी, आणि ती हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही टिकली पाहिजे.

समायोजन नेहमी आतून बाहेर करावे: हँडलजवळचा स्क्रू पूर्ण सैल, मग पुशरॉडचा स्क्रू टेकेपर्यंत आत घेऊन सुमारे अर्धा फेरा मागे, शेवटी केबलची ढिलाई. केवळ हँडलजवळच्या स्क्रूवर वर्षानुवर्षे भागवलेल्या गाडीत गिअरबॉक्समधला रिलीजचा हात (केबलने ओढला जाऊन पुशरॉड ढकलणारा दांडा) चुकीच्या कोनात गेलेला असतो. केबल सैल सोडूनच किकची चाचणी पुन्हा करावी. घसरणे थांबले, तर दोष रिलीज यंत्रणेत: चुकीच्या लांबीचा पुशरॉड, पुशरॉडपाशी कोणीतरी जास्त घातलेली पोलादी गोळी, अडकलेला रिलीजचा हात. थांबले नाही, तरच क्लच उघडावा.

क्लचची पकड चार गोष्टींवर ठरते: घर्षण, स्प्रिंगांचा दाब, प्लेटांची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. त्रिज्या बदलत नाही. बाकीच्या तिन्ही बिघडतात. प्लेटा मोजून पाहणे हास्यास्पद वाटते, पण पूर्वीच्या दुरुस्तीत एखादी कमी बसवलेली सापडते. तसे झाले की पृष्ठभाग घटतात आणि थर पातळ झाल्याने स्प्रिंगाही कमी दाबल्या जातात. झिजेचेही तेच: पातळ प्लेटेचे घर्षण फारसे घटत नाही, स्प्रिंगेचा दाब घटतो. सगळ्या स्प्रिंगांची मोकळी लांबी व्हर्नियरने मोजावी आणि एकही आखूड निघाली तर संच बदलावा. लिव्हर दाबून किक हलवताना प्रेशर प्लेट डुगडुगली, तर स्प्रिंगांचे स्क्रू सारखे बसलेले नाहीत. पोलादी प्लेट वाकली आहे का हे कळण्यासाठी ती काचेवर ठेवून तिच्याखाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून पाहावा. निळी पडलेली प्लेट तापून गेलेली असते. बास्केटच्या फटींत प्लेटांच्या दातांनी खाचा पाडल्या असतील तर प्लेटा तिथे अडकतात आणि पूर्ण मिटत नाहीत.

चकाकी आलेल्या प्लेटा पेट्रोलने धुऊन एमरीने खरवडल्या की क्लच काही दिवस धरतो. तो उपाय घरी पोहोचण्यापुरता. प्लेटांवरच्या जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ती कोरडी घासू नयेत आणि धूळ हवेने उडवू नये.

ऑईल बदलल्यानंतर लगेच क्लच घसरू लागला, तर निदान बाटलीवर लिहिलेले असते. इंधन वाचवणाऱ्या मोटारींच्या ऑईलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात आणि ऑईलमध्ये भिजून चालणाऱ्या क्लचला तीच नडतात. मोटारसायकलींच्या ऑईलांसाठी जपानची जासो वर्गवारी 1998 मध्ये आली. अशा क्लचला तीमधली एमए चालते, एमबी नाही. चेनकेस वेगळे असेल तर तिथे काय घालायचे हे त्या गाडीचे मॅन्युअल सांगते. बुचांच्या जुन्या प्लेटांना तर ऑईल लागतेच. घसरतो म्हणून कोणी ते काढून टाकले की बूच कोळसा होते.

ऑईलशिवाय चालणाऱ्या, कोरड्या क्लचचे गणित वेगळे. बीएमडब्ल्यूच्या जुन्या बॉक्सर (दोन्ही बाजूंना आडवे सिलिंडर असलेल्या) गाड्यांत क्लच कोरडा, एका प्लेटेचा. तिथे क्रँकशाफ्टचे किंवा गिअरबॉक्सचे सील गळून प्लेट भिजली की ती घसरते, आणि सील न बदलता घातलेली नवी प्लेटही भिजते. नॉर्टन कमांडो या ब्रिटिश गाडीत गिअरबॉक्सचे ऑईल पुशरॉडच्या कडेने सरकत प्लेटांपर्यंत पोहोचते. त्यासाठी तिथे सील बसवतात. वेलोसेट या ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांचा क्लच अंतिम चेनच्या स्प्रॉकेटच्या आतल्या बाजूला असतो आणि त्याचे समायोजन केबलवर होत नाही: स्प्रॉकेटमधल्या भोकातून एक खुंटी घालून स्प्रिंगांच्या चकतीत अडकवतात आणि मागचे चाक फिरवून ती चकती सरकवतात. बाकीच्या गाड्यांवर हात बसलेला मेकॅनिक इथे केबल पिळत बसतो, आणि क्लच घसरतच राहतो.