कारखाना आधी, कॉलेज नंतर: कृष्णाकाठच्या अभियांत्रिकी शिक्षणाची पार्श्वभूमी

‘कॉलेजात शिकवतात ते कारखान्यात चालत नाही’ ही तक्रार कुपवाडच्या एमआयडीसीत आणि शिरवळच्या कंपन्यांत सारखीच ऐकू येते. ती समजून घ्यायची तर या भागातला क्रम लक्षात घ्यावा लागतो. सातारा-सांगली पट्ट्यात कारखाना आधी आला, इंजिनिअरिंग कॉलेज नंतर.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये मेकॅनिकल ड्रॉइंग शिकवत. ती नोकरी सोडून त्यांनी बेळगावात उद्योग सुरू केला आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगर, कडबा कापायचे यंत्र, पुढे पंप असा माल तिथे तयार झाला. कामगार आसपासच्या खेड्यांतले होते. ओतकाम, टर्निंग, पॅटर्न बनवणे हे सगळे ते कामावरच शिकले. सातारारोडला कूपरांच्या कारखान्यात नांगर आणि पुढे डिझेल इंजिने होऊ लागली, तिथेही चित्र वेगळे नव्हते. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणारे भाऊराव पाटील या दोन्ही कारखान्यांशी काही काळ जोडलेले होते. त्यांच्या ‘कमवा आणि शिका’ला कारखान्याचा वास येतो तो उगाच नाही.

पदवीचे शिक्षण मात्र तेव्हा दूर होते. पुण्यात १८५४ पासून इंजिनिअरिंगचे वर्ग होते, पण त्यांचा हेतू सार्वजनिक बांधकाम खात्याला माणसे पुरवण्याचा. सांगलीत १९४७ मध्ये धोंडूमामा साठे यांनी न्यू इंजिनिअरिंग कॉलेज काढले, तेही सिव्हिलपासूनच सुरू झाले. १९५५ मध्ये त्याचे नाव वालचंद कॉलेज झाले आणि मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल या शाखा आल्या. कराडचे सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे. त्या वेळी कोयनेचे काम जोरात होते. धरण, बोगदे, भूमिगत वीजगृह यांसाठी लागणारा इंजिनिअर कसा असावा, याबद्दल कोणाला शंका नव्हती. उद्योगाची गरज म्हणजे तेव्हा बऱ्याच अंशी सरकारची गरज होती, आणि ती दहा-पंधरा वर्षे फारशी बदलत नसे. त्यामुळे अभ्यासक्रम जुना राहिला तरी कोणाचे अडत नव्हते.

अंतर पडले ते त्यानंतर. १९८३ मध्ये सांगलीचेच वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. बुधगाव, इस्लामपूरजवळचे राजारामनगर आणि साताऱ्यातले रयतचे कॉलेज ही तिन्ही त्याच वर्षीची. खेड्यातल्या मुलाला पुणे-मुंबई न गाठता इंजिनिअर होता आले, हे त्या धोरणाचे मोठे देणे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण इमारती आणि प्रवेश ज्या वेगाने वाढले त्या वेगाने वर्कशॉप वाढले नाही, आणि अनुभवी शिक्षक तर नाहीच.

दुसरे कारण परीक्षेच्या रचनेत होते. संलग्न महाविद्यालयाला अभ्यासक्रमात एक ओळही बदलता येत नसे. विद्यापीठाचे अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्यापरिषद असा प्रवास करून बदल वर्गात पोहोचेपर्यंत काही वर्षे जात. तोवर सीएनसी आणि व्हीएमसी ही संगणकावर चालणारी मशीन छोट्या जॉबवर्क शॉपमध्येही आलेली असत आणि विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्ये हाताने चालवायच्या सेंटर लेथचे भाग लिहिले जात. टर्म वर्कचे, म्हणजे सत्रभराच्या कामाचे, गुण सबमिशनला मिळत, जॉब बरोबर झाला की नाही याला फारसे नाही.

याचा अर्थ मापात सांगतो. २५ मिलिमीटरच्या शाफ्टला एच७/जी६ फिट द्यायचा आहे, म्हणजे तो भोकात ठरलेल्या बारीक फटीने बसला पाहिजे. भोकाला ० ते +२१ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), शाफ्टला −७ ते −२० मायक्रॉन. म्हणजे कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉनचा खेळ. शाफ्टचा पूर्ण टॉलरन्स, म्हणजे मापातली चालणारी सूट, १३ मायक्रॉन. कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या नेहमीच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट (मोजता येणारे सर्वांत लहान माप) ०.०२ मिलिमीटर, म्हणजे २० मायक्रॉन. या साधनाने तो शाफ्ट पास की नापास हे सांगताच येत नाही. ०.०१ चा साधा मायक्रोमीटरही अपुरा पडतो. विद्यार्थ्याला फिटचा तक्ता पाठ असतो आणि परीक्षेत उत्तर बरोबर येते. कारखान्यात पहिल्याच दिवशी हवेच्या दाबावरून मायक्रॉन मोजणारे एअर गेज समोर आले की तो गोंधळतो. दोष त्याच्या बुद्धीचा नाही. तक्ता आणि मोजमाप त्याला कधी एका बाकावर भेटलेच नाहीत.

या पट्ट्यातल्या फाउंड्रीचेही तसेच. ओल्या वाळूच्या साच्यात ओलावा साधारण ३ ते ४ टक्के ठेवतात. वाढला तर वाफ अडकून कास्टिंगमध्ये पोकळी (ब्लो होल), घटला तर साचा ढासळून कास्टिंगमध्ये वाळू जाते. हे पुस्तकात असतेच. पुस्तकात नसते ते असे की पावसाळ्यात वाळू भिजते, उन्हाळ्यात दुपारी सुकते आणि रिजेक्शनचा आकडा शिफ्टनुसार हलतो.

बदलाचे प्रयत्न वरून आणि खालून दोन्हीकडून झाले. कारखान्यात उमेदवारीची सोय करणाऱ्या १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात १९७३ मध्ये पदवीधर इंजिनिअर आले, पण ती सोय पदवीनंतरची. अभ्यासक्रमाला हात घातला गेला तो स्वायत्ततेमुळे. वालचंद २००७ मध्ये स्वायत्त झाले, राजारामनगरचे कॉलेज त्यानंतर काही वर्षांनी. स्वायत्त महाविद्यालयाच्या अभ्यास मंडळावर उद्योगातला एक प्रतिनिधी असावाच लागतो आणि विषय पुढच्या वर्षीही बदलता येतो. माझ्या मते या भागातला सर्वांत परिणामकारक बदल हाच. बाकीच्यांची जाहिरात जास्त झाली.

२०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा, कायम सदस्य झाला आणि मानांकनासाठी फलाधारित शिक्षण आले. विद्यार्थ्याला काय शिकवले याऐवजी त्याला काय करता येते हे दाखवायचे. कल्पना चोख, पण अंमल बऱ्याचदा कागदी. प्रत्येक विषयाची फलिते पदवीच्या फलितांशी १, २, ३ अशा अंकांत जोडायची असतात. समिती येण्याच्या आधल्या महिन्यात तक्ता भरला की सगळीकडे ३ पडतात, आणि मग कोणता विषय कच्चा आहे हे त्या तक्त्यातून कळत नाही.

एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमाने पदवी १६० क्रेडिटवर आणली. तोवर अनेक ठिकाणी ती दोनशेच्या आसपास होती. आठ सत्रांत सरासरी वीस क्रेडिट. मोकळा झालेला वेळ इंटर्नशिप आणि प्रकल्पासाठी होता. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून रचना बदलली. आता दुसऱ्या शाखेचा मायनर, म्हणजे जोडविषयांचा गट, ही घेता येतो, म्हणजे मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला सेन्सर आणि डेटा शिकता येतो.

इंटर्नशिप कुठे फसते हे ठरलेले आहे. सुट्टीतल्या चार आठवड्यांपैकी पहिला आठवडा गेट पास, सेफ्टी आणि ओळखीत जातो. फिक्स्चरचे (मशीनवर जॉब पकडून ठेवणाऱ्या साधनाचे) ड्रॉइंग मंजूर होऊन माल येऊन ट्रायल लागेपर्यंत सहा-आठ आठवडे लागतात. तोवर विद्यार्थी परत गेलेला असतो. म्हणून पूर्ण सत्राची इंटर्नशिप बरी. पण तिथेही मुलगा स्टोअरमध्ये एंट्री करत बसतो, कारण कोणता पार्ट, कोणते मशीन, कोणता डेटा हे आधी ठरलेले नसते. मग अहवालात निम्मी पाने कंपनीच्या माहितीपत्रकातली. रुजू होण्यापूर्वी कंपनीचा सुपरवायझर आणि कॉलेजचा गाइड यांनी एका पानावर काम लिहून सही केली की निम्मा प्रश्न सुटतो.

काम लहान पण मोजता येणारे हवे. उदाहरणार्थ, एका बोअरच्या मोजमापाचा गेज आर अँड आर, म्हणजे मोजण्याची पद्धतच किती भरवशाची आहे याची तपासणी: दहा पार्ट, तीन ऑपरेटर, प्रत्येकी तीन वेळा, एकूण ९० नोंदी. मोजमापातली चूक १० टक्क्यांखाली आली तर पद्धत चांगली, ३० च्या वर गेली तर ती वापरू नये. मधल्या पट्ट्यात काम किती महत्त्वाचे आहे ते पाहून ठरवायचे. हे न करता थेट सीपीके, म्हणजे प्रक्रिया मापाच्या मर्यादेत किती नीट बसते याचा आकडा, काढणारे अहवाल बरेच दिसतात. मोजमापच डळमळीत असेल तर सीपीकेच्या १.३३ या नेहमी मागितल्या जाणाऱ्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

फलटणला कमिन्ससारखा मोठा कारखाना असला तरी या जिल्ह्यांतले बहुतेक विद्यार्थी लहान युनिटमध्येच जाणार. तिथे मालकच प्रॉडक्शन, क्वालिटी आणि डिस्पॅच पाहतो; विद्यार्थ्यामागे बसायला त्याच्याकडे माणूस नसतो. यावर चालणारा एक मार्ग म्हणजे तीन-चार युनिटना मिळून एक शिक्षक देणे. तो पंधरा दिवसांतून एकदा प्रत्यक्ष शॉप फ्लोअरवर जातो आणि ही फेरी त्याच्या कार्यभारात मोजली जाते. ती मोजली गेली नाही की दुसऱ्या महिन्यात फेऱ्या फोनवर येतात.